जऊळक्याच्या गोदामातली लहर

भर सभागृहात तुमचा सत्कार झाला. पंधरा दिवसांनी तुमच्या लक्षात आलं की ज्या शोधासाठी शाल मिळाली तो शोधच खोटा आहे, आणि हे अजून दुसऱ्या कुणालाही कळलेलं नाही. तुम्ही काय कराल? उत्तर घाईनं देऊ नका. मी घाईनं दिलं होतं आणि ते मला अजून टोचतं.

आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. मी वाशिमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. वडील जिनिंग कामगारांच्या संघटनेचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असायची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे कॉलेजनं रेडिओच्या कामासाठी आकडे नोंदवणारं परदेशी बनावटीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड घ्यायचं ठरवल्याचं कळताच मी पहिलं काम केलं ते पत्रक काढायचं. ग्रंथालयात पुस्तकं नाहीत आणि यांना आकाश ऐकायचं आहे, असा मजकूर होता. 'शंभरातल्या नव्वद विद्यार्थ्यांना एकही पुस्तक मिळत नाही' असं एक वाक्य मी ठळक अक्षरात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाचे नेमासा सर माझ्या वर्गाबाहेर उभे होते. ठेंगणे, काटक, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशात तांबडी पेन्सिल. हातात माझं पत्रक.

"भाऊ, पत्रक चांगलं हाये. पन हे नव्वद कोनं मोजले?"

मी म्हणालो, "सगळ्यांना माहीत आहे सर."

"सगळ्याइले माहीत असते तेच कोनी मोजत नाई." त्यांनी नव्वदभोवती तांबडं वर्तुळ काढलं होतं. "मोजून आना. पन्नास निघाले तरी मी बी तुमच्यासंगं सही करतो."

मी ग्रंथालयाच्या नोंदी काढून मोजलं. आकडा नव्वदच्या बराच खाली निघाला. तरी लाज वाटावी इतका होता. नेमासा सरांनी नव्या पत्रकावर खरंच सही केली. प्राचार्य संतापले आणि त्यांनी मला गप्प बसवण्यासाठी त्या कार्डाच्या खरेदी समितीवरच टाकलं. समितीत तिघं होतो: प्राचार्य, नेमासा सर आणि मी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सर म्हणाले, "बरं झालं. ज्याले कळत नाई त्याले समजावता आलं तरच आपल्याले कळलं म्हनायचं."

त्यांचं खरं नाव नेमिचंद. वाशिमजवळच्या मालेगावच्या जैन अडत्यांच्या घरातले. त्या घरांत पुरुषाच्या नावाला 'सा' लावतात, म्हणून गावानं नेमासा केलं आणि विद्यार्थ्यांनी पुढं सर जोडलं. वडिलांच्या मागं अडत दुकान चालवायचं सोडून हे मास्तर झाले. दुकान मोठ्या बहिणीनं सांभाळलं. तिला ते जिजी म्हणायचे आणि हळूहळू सगळं कॉलेजच जिजी म्हणायला लागलं.

काम असं होतं. कुठंही वीज चमकली की तिच्यातून रेडिओच्या लाटा निघतात आणि शेकडो कोसांवर पोचतात. लांब तार ताणून कानाला हेडफोन लावला की तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेनं चार लहान कॉलेजांना हे आवाज नोंदवायचं काम दिलं होतं, म्हणजे चार ठिकाणच्या नोंदी ताडून वीज कुठं पडते आहे ते काढता येईल. नोंद आकड्यांत हवी. त्यासाठी ते कार्ड. तारेतून येणाऱ्या विजेकडे ते सेकंदाला हजारो वेळा पाहतं आणि दर खेपेला एक आकडा लिहितं. बाजारात दोन कार्डं होती. दोन्ही तपासून सरांनी अहवाल द्यायचा, त्यांनी निवडलेलं कार्ड चारही कॉलेजांना जायचं, असं ठरलं होतं.

वाशिमात मोटारी, गिरण्या, वेल्डिंगची दुकानं, यांचाच खरखराट जास्त. म्हणून सरांनी जऊळक्याला स्टेशनजवळचं, जिजीच्या दुकानाचं पत्र्याचं गोदाम अर्धं मागून घेतलं. अर्ध्यात तुरीची पोती, अर्ध्यात ट्रकच्या बॅटऱ्या आणि कार्ड. बाहेर दोन खांबांवर ताणलेली तार. गाडीची वाट पाहणारे लोक येऊन विचारायचे, "सर, कपडे कवा वाळू घालनार?"

पहिलं कार्ड विकणारा प्रतिनिधी नागपूरहून आला. वाडेगावकर नाव, टाय लावलेला. त्याचं कार्ड सेकंदाला दहा लाख वेळा पाहायचं. हा आकडा तो बोलताना जरा थांबून, प्राचार्यांकडे पाहून सांगायचा. त्यानं समितीला रात्री जेवायला बोलावलं. सर दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत. ते म्हणाले, "जेवन राहू द्या. तुमीच उद्या दुपारी जऊळक्याले या. कार्ड घेऊन."

मे महिना होता. पत्र्याखाली पोत्यावर बसून आम्ही घाम पुसत होतो. सरांनी कार्ड जोडलं, त्याला बॅटरीवरून विजेचा एक ठरलेला दाब दिला आणि म्हणाले, "आता एक घंटा बसू."

"बसायचं कशाला?" वाडेगावकर म्हणाला. "माहितीपत्रकात सगळे आकडे दिलेत."

"दिलेत नं. खाली बारीक अक्षरात लिवलं हाये, पंचवीस अंशाले. वाशिमात पंचवीस अंश तुमाले कवा भेटले?"

तासाभरात तोच दाब असताना कार्डाचे आकडे सरकायला लागले. सर प्रत्येक आकडा तांबड्या पेन्सिलीनं वहीत लिहीत होते. वाडेगावकरनं टाय सोडला. सरांनी त्याला माठातलं पाणी दिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कार्डाले ऊन लागलं, साहेब."

पण ऊन ही लहान अडचण होती. मोठी अडचण त्यांनी मला वाशिमला परतताना बसमध्ये समजावली. कार्डाच्या मागं आकडे साठवायला जी जागा होती, ती हजार आकड्यांची. दहा लाख वेळा पाहणारं कार्ड हजार आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागात भरून टाकतं आणि बसतं. वीज कडाडायला लागली न लागली तोच वही संपली. शिवाय त्याच्या मोजपट्टीवर जेमतेम अडीचशे खुणा. बारीक आवाज दोन खुणांच्या मधे पडून हरवणार. दुसरं कार्ड त्याच्या मानानं बरंच सावकाश पाहायचं, पण त्याच्या पट्टीवर चार हजार खुणा होत्या आणि उन्हात ते फारसं हलत नव्हतं.

"म्हणजे सावकाश कार्ड घ्यायचं?" मी विचारलं.

"आपल्याले पळवायचं हाये का ऐकायचं हाये?"

सरांच्या अहवालात सावकाश कार्डाची शिफारस गेली. संस्थेनं आधी वर्षभराच्या वापरासाठी ते एकच पाठवलं. नोंदी चांगल्या आल्या की चारांची ऑर्डर निघणार होती.

इथून पुढचे तीन महिने कॉलेजनं नेमासा सरांना जितकं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. जऊळक्याहून ते कागदी पट्टीच्या गुंडाळ्या घेऊन यायचे. पट्टीवर भोकं, भोकांच्या एकेका ओळीत एकेक आकडा. ते आकडे वाचून आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे. हजार ठिपके. विज्ञानाची मुलं-मुली व्हरांड्यात कागद डकवून भिंतीशी उभी राहायची. एक आकडे वाचणार, दुसरी ठिपका देणार. कुणी कंटाळून अंदाजे ठिपका दिला की सरांना तो दहा पावलांवरून दिसायचा. "हा कोनाच्या मनचा हाये? पुसा त्याले." एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, एका ठिपक्यानं काय बिघडते?" सर म्हणाले, "काहीच नाई. बिघडते त्याच्या पुढच्या ठिपक्यापासून. मंग तोबी मनचाच येते."

आवाज दीर्घ काळ पकडता यावा म्हणून सरांनी कार्डाचा वेग आणखी कमी केला. सेकंदाला दहा हजार वेळा. म्हणजे हजार आकड्यांत सेकंदाचा दहावा भाग मावायचा. ही काटकसर त्यांच्या रक्तातच होती. आणि मग व्हरांड्याच्या भिंतीवर ती लहर दिसली.

विजेचे कडाके टोकदार, वेडेवाकडे यायचे. त्यांच्या खालून एक गुळगुळीत लहर चालली होती. एका पट्टीवर चाळीस शिखरं. दुसऱ्या दिवशी चाळीस. आठवड्यानंही चाळीस. दुपारी असायची, संध्याकाळी असायची, आणि गावच्या विजेच्या दोषातून येते असंही म्हणता येत नव्हतं, कारण सर बॅटरीवर काम करत होते. सरांनी संस्थेला कळवलं. तिथून पत्र आलं की अशी नोंद आमच्या पाहण्यात नाही, तुम्ही येऊन सविस्तर मांडा. आणि तुमची तयारी असेल तर दोन वर्षं इथंच येऊन या लहरीवर काम करा.

दोन वर्षं मोठ्या प्रयोगशाळेत. हा माणूस पंधरा वर्षं तुटक्या लंबकांवर मुलांना शिकवत होता. रजेत स्वतःच्या खर्चानं पुस्तकं उतरवून आणायचा. प्राचार्यांनी सभा घेतली, शाल दिली, नारळ दिला. सर बोलायला उभे राहिले आणि लहरीविषयी दोनच वाक्यं बोलून भिंतीवर ठिपके देणाऱ्या मुलामुलींची नावं वाचत बसले. पण त्या दिवसांत ते चालताना गुणगुणायचे. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी जिजी जऊळक्याला तुरीचा माल पाहायला आल्या. मी त्या दिवशी गोदामात होतो. साठीच्या, डोक्यावर पदर, हातात परखी. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची पोकळ लोखंडी सळई. जिजी पोत्यात ती खुपसत होत्या. एकदा खाली, एकदा पार वर, एकदा तिरपी. सर त्यांना कौतुकानं सोबत आणलेल्या आलेखावरची लहर दाखवत होते.

"पाहा जिजी, किती एकसारखी हाये."

जिजींनी लहर पाहिली. "कशी काढली?"

"ठरल्या ठरल्या वेळानं पाहून. सेकंदाले दहा हजार खेपा."

"सारख्या अंतरानं?"

"सारख्या."

"अन् अंतर बदलून पाह्यलं का?"

सर वही उघडून मागची पानं चाळायला लागले.

"मले तुहं रेडिओचं कळत नाई, नेमा," जिजी म्हणाल्या, "पन पोतं भरनारा हुशार असला तं हातभर-हातभर अंतरानं चांगल्या तुरीचा थर देते. आपन बी हातभरच अंतरानं परखी मारली का सारं पोतं सोन्यावानी दिसते. दादा म्हनून तं ओरडत, अंतर मोडून मारा." दादा म्हणजे त्यांचे वडील. आणि मग बहिणीच्या हक्कानं, "इतका शिकलास अन् दुकानातलं पयलं इसरलास काय रे?"

सर खाली बसले. कार्डाचा वेग त्यांनी दहा हजारांवरून अकरा हजारांवर नेला. लहर खरी असती तर शिखरं जवळपास तितकीच, तीन-चार कमी, यायला हवी होती. आम्ही तिथंच पट्टी वाचायला बसलो. मी आकडे वाचत होतो, सर ठिपके देत होते. दोनशे ठिपक्यांतच दिसलं. शिखरं दाटीवाटीनं आली होती. पूर्ण पट्टीवर दीडशेच्या घरात गेली.

टूरिंग टॉकीजमध्ये टांग्याचं चाक उलटं फिरताना तुम्ही पाहिलं असेल. चाक सरळच फिरत असतं; कॅमेरा ठरावीक अंतरानं पाहतो म्हणून ते उलटं दिसतं. तसंच हे. दूर कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्यावरचं एक मोठं रेडिओ केंद्र सतत भराभर लाटा पाठवत होतं. कार्ड इतकं सावकाश पाहत होतं की त्या भराभर लाटांची एक संथ, देखणी, खोटी लहर कागदावर उमटत होती. आकाशात ती नव्हतीच. कार्डाच्या आधी एक साधी चाळणी, म्हणजे नको त्या वेगवान लाटा अडवणारा चार-सहा भागांचा सर्किटचा डबा बसवला असता, तर ती दिसलीच नसती.

त्याच संध्याकाळी सरांनी संस्थेला पत्र लिहिलं. पेटीत टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. 'चूक माझी आहे, कार्डाची नाही. कार्ड योग्य आहे, त्यापुढे चाळणी हवी. लहरीवरचं निमंत्रण कृपया रद्द समजावं.'

चारही कार्डांच्या ऑर्डरवर आठवड्याभरात सह्या होणार होत्या. हे पत्र पोचलं की वाडेगावकर त्याचा काय उपयोग करेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, "सर, आठच दिवस थांबा. सह्या होऊ द्या. योग्य कार्ड चार कॉलेजांना मिळेल. मग पाठवा."

सरांनी चष्मा काढला. "तुमी तं पत्रकं लिवता नं, भाऊ?"

"हो."

"मंग हे तुमीच काहून म्हनून राह्यले?"

  डावपेच म्हणून सत्य आठ दिवस खिशात ठेवायचं, ही सवय मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना पुन्हा सभा घ्यायला सांगितलं. "झालं ते झालं, आता कॉलेजचं हसं कायले करता?" असं म्हणून प्राचार्यांनी नकार दिला. मग सरांनी शाल घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवली, व्हरांड्यात आले आणि भिंतीवरच्या आलेखावर तांबड्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ही लहर आकाशातली नाही. माझ्या पाहण्यातली आहे. वेग बदलून पाहिला नाही.' खाली सही. कागद काढू दिला नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांनी पहिला तास त्याच भिंतीपुढं उभं राहून शिकवला. एका पोरानं मागून विचारलं, "सर, मंग तुमाले वाईट नाई वाटलं?" सर म्हणाले, "लय वाटलं. दोन दिवस जेवलो नाई. पन तुमी त्या दोन दिवसाइचा ठिपका देऊ नका, आलेखावर जागा नाई." वर्ग हसला. तेही हसले.

व्हायचं तेच झालं. वाडेगावकरनं संस्थेत सांगितलं, सावकाश कार्डानं फसवलं, वेगवान कार्डानं असं कधी केलं नसतं. हे अर्धं खरं होतं. त्या वेगानं ते फसलं नसतं, कारण तेवढ्या वेळात त्याला काही ऐकूच आलं नसतं. पण 'दहा लाख' हा आकडा पुन्हा एकदा थांबून सांगितला गेला. चारही कॉलेजांना वेगवान कार्ड आलं. आमच्यासुद्धा. निमंत्रणाचं पत्र अर्थातच पुन्हा आलं नाही.

मी चिडलो. संस्थेविरुद्ध पत्रकाचा मसुदा घेऊन सरांकडे गेलो. ते टेबलावर कथलाचा डाग देत होते. आधीच तीन डबे तयार होते, चौथा चालू होता. पत्र्याचे, बिस्किटांच्या डब्यांतून कापलेले.

"हे काय?"

"चाळन्या. त्या कॉलेजवाल्याइले बी ते कार्ड सावकाशच चालवा लागनार, नाई तं वही लगेच भरते. मंग त्यायलेबी हेच लहर दिसन. अन् माह्यावानी त्यायचाबी सत्कार होईन." त्यांनी डाग फुंकला. "तुमी पत्रक काढा. आकडे मोजून काढा. मी तवर हे पोचवतो."

ज्या कार्डानं त्यांच्या कार्डाला हरवलं, त्याच कार्डाची अब्रू राखायला हा माणूस रविवारी एसटीनं फिरायला लागला. एका कॉलेजनं दार उघडलं, चहा दिला, डबा बसवून घेतला. दुसऱ्यानं दोन फेऱ्यांनंतर. तिसऱ्या कॉलेजात कार्ड कुलूपबंद कपाटात आहे; महाग वस्तू म्हणून ते पाहुण्यांना दाखवायलाच तेवढं बाहेर निघतं. किल्ली प्राचार्यांकडे, प्राचार्य रविवारी नसतात, आणि इतर दिवशी सरांचे तास असतात. सर तिथं चार वेळा जाऊन आले आहेत.

मी बदली होऊन दुसऱ्या गावी निघालो त्या सकाळी ते मला वाशिमच्या स्टँडवर दिसले. मांडीवर तो डबा, शेजारी जिजींनी दिलेली दशम्यांची पुडी. कंडक्टर त्यांना ओळखत होता.

"मास्तर, आज पुन्हा? डब्यात आहे तरी काय?"

"चाळनी."

"पीठ चाळाची?"

"नाई. बातम्या चाळाची. एक तिकीट दे."

बस हलली तेव्हा ते डबा छातीशी धरून उभे होते, कारण बसायला जागा मिळाली नव्हती. मला हात करायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. त्यांनी मान हलवली.

त्या तिसऱ्या कॉलेजाचं नाव मी इथं छापत नाही. तिथं शिकणारे, शिकवणारे, शिपाई असणारे लोक हे वाचत असतील, त्यांना ते कळलं आहे. तुमच्याकडून एवढंच हवं आहे. शनिवारी प्राचार्यांच्या घरी जा, कपाटाची किल्ली मागून घ्या, आणि रविवारी सरांना घेऊन वाशिमची पहिली गाडी येते तेव्हा ती किल्ली हातात घेऊन स्टँडवर उभे राहा.